जुन्नर : घाटवाटेवरच्या बाजारगावाची पार्श्वभूमी

जुन्नर म्हटलं की शिवनेरी, आणि शिवनेरी म्हटलं की 1630 सालचा शिवजन्म. बहुतेक पर्यटकांची ओळख इथेच थांबते. पण किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव मुळात वसलं का, याचं उत्तर पश्चिमेला तीसेक किलोमीटरवरच्या नाणेघाटात आहे. कोकणातल्या कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल या घाटाने देशावर चढायचा. घाट चढून आल्यावर बैलांना दाणापाणी, माणसांना मुक्काम आणि मालाला गिऱ्हाईक मिळेल असं पहिलं मोठं ठिकाण म्हणजे कुकडीकाठचं जुन्नर. ‘जीर्णनगर’वरून जुन्नर झालं असं मानतात; म्हणजे नाव पडलं तेव्हाच ते जुनं होतं.

घाटाच्या तोंडाशी कोरलेल्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. राणी नागनिकेच्या या लेखात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) यादी येते. त्यातल्या आकड्यांमुळे अंकलेखनाच्या अभ्यासकांनाही तो महत्त्वाचा वाटतो. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. समजूत जुनी आहे, पण लेखात रांजणाचा उल्लेख नाही हे ध्यानात ठेवावं.

व्यापाराचा पैसा कुठे मुरला हे पाहायचं तर गावाभोवतीचे डोंगर बघावेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरी मिळून इथे दोनशेहून अधिक लेणी आहेत. दान देणाऱ्यांत यवन, म्हणजे ग्रीक आहेत, शक आहेत, नहपान या शक राजाचा (क्षत्रपाचा) अमात्य अयम आहे, आणि श्रेणी, म्हणजे व्यवसायांचे संघही आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. त्याहून बोलका लेख आडुथुम नावाच्या शकाचा. वडालिका इथल्या 20 निवर्तन (जमीन मोजायचं जुनं माप) शेताचं उत्पन्न करंजाची झाडं लावायला आणि कटपुतक इथल्या 9 निवर्तनांचं वडाची झाडं लावायला, अशी त्याने सोय लावून दिली. जुन्नरच्या शेतीचा एवढा जुना आणि एवढा नेमका हिशेब दुसरा नसेल. तरी पर्यटनाच्या फलकांवर तो क्वचितच दिसतो.

पुढे बहमनी सत्तेविरुद्ध उठलेल्या मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाहीची सुरुवात इथूनच केली. राजधानी नंतर अहमदनगरला गेली. मुघलांकडे असताना 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नरची पेठ लुटली. शिवनेरी किल्ला मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. 1673 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रायर मुघल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून इथे आला. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका साठा आहे, असं त्याने लिहून ठेवलं. आजही गडावरचा अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार पाहताना त्या धान्याची आठवण होते. गडाला धान्य लागत होतं आणि खालचा मुलूख ते पिकवत होता.

तालुक्याची शेती पावसाने तीन पट्ट्यांत वाटली आहे. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात पाऊस बेफाम, तिथे भात आणि जंगलातला हिरडा. मधल्या खोऱ्यात ऊस, द्राक्ष, टोमॅटो, भाजीपाला. पूर्वेला आळे-बेल्ह्याकडे पाऊस आटतो, तिथे पूर्वापार बाजरी आणि आता कांदा. घाटमाथ्यावरचं पाणी मार्चनंतर टिकत नसे. ते अडवलं कुकडी प्रकल्पाने. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगावात घोड नदीवर डिंभे, अशी पाच धरणं. यातलं येडगाव हे वरून सोडलेलं पाणी झेलून कालव्यात घालणारं धरण आहे. कालवे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातात, म्हणून आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी कधी सुटणार यावर दर उन्हाळ्यात वरच्या आणि खालच्या तालुक्यांत तणातणी ठरलेली.

पाणी आलं तरी बाजार जुन्नरात राहिला नाही, आणि याला कारण पुन्हा रस्ताच. नाणेघाटातून बैल चढायचे, मोटारी चढू शकत नाहीत. कल्याणहून येणारी वाहनं माळशेज घाटाने वर येऊन ओतूर, आळेफाट्याकडे जातात, आणि पुणे-नाशिक महामार्ग जुन्नरला बगल देऊन नारायणगावावरून जातो. त्यामुळे टोमॅटोचा बाजार नारायणगावात, कांद्याचा ओतूर-आळेफाट्यावर, आणि जुन्नरकडे तालुक्याच्या कचेऱ्या. टोमॅटो 20 किलोच्या क्रेटमध्ये विकला जातो. 2023 च्या जुलैत क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला होता, तर इतर वर्षी तोडणीची मजुरीही सुटत नाही. द्राक्षाचं दुखणं वेगळं: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि माल तयार होताना अवकाळी पाऊस आला की मणी तडकतात. फुलोऱ्यात आला तर डाऊनी हा बुरशीचा रोग.

उसाने एक पाहुणाही आणला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून निवांत जागा नाही. तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात, आणि शेतीपंपाची थ्री-फेज वीज रात्रीची असली की शेतकऱ्याला पाणी धरायला अंधारात जावं लागतं. माणूस आणि बिबट्या समोरासमोर येतात ते इथे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते यामुळेच.

फिरायचं तर लेण्याद्री सकाळी लवकर करावी: तीनेकशे पायऱ्या उघड्या उन्हात आहेत आणि माकडं हातातली पिशवी सोडत नाहीत. गिरिजात्मजाची मूर्ती सातव्या लेण्यात, म्हणजे मूळच्या बौद्ध विहारात आहे. एवढा मोठा मंडप, पण मध्ये एकही खांब नाही. आणि मूर्ती मागच्या कातळातच असल्याने प्रदक्षिणा घालता येत नाही. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह आहे, तेही चुकवू नये. तुळजा लेण्यातला बारा अष्टकोनी खांबांचा गोल चैत्य फारच कमी लोक पाहतात. शिवनेरी सात दरवाजांच्या वाटेने चढावा. साखळीची वाट सरळ कातळातली आहे, ती सराव असलेल्यांसाठी. किल्ल्यावर आणि लेण्यांत आग्या मोहोळं असतात, धूर किंवा उग्र अत्तराने ती उठतात.

खोडदची जीएमआरटी, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीणही याच तालुक्यात आहे: प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांतल्या 14 मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी ‘वाय’च्या आकारात दूरवर. रेडिओ गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. फेब्रुवारीअखेर, विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली असते.

नाणेघाटासाठी घाटघरचा रस्ता धरावा. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलट वर उडतं, ते पाहायला गर्दी लोटते; पण ज्या वाऱ्याने पाणी उडतं तोच कड्याशी उभ्या माणसालाही ढकलतो, आणि धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही. लेख वाचायला मात्र पावसाळ्यात जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत दुपारनंतर, ऊन पश्चिमेकडून तिरपं आत शिरतं तेव्हा झिजलेली अक्षरं उठून दिसतात.