मजकुराचे मार्कअप (सीमाभागातील मराठी दस्तऐवज)

साध्या टाइप केलेल्या मजकुरातील शीर्षक, परिच्छेद, कवितेची ओळ, तळटीप, स्थळनाम असे घटक संगणकाला ओळखता यावेत म्हणून त्यांना टॅग, म्हणजे ओळखीच्या खुणा, लावण्याची पद्धत. मोठा ठळक टाइप पाहून वाचक शीर्षक ओळखतो. संगणकाला ते टॅगनेच सांगावे लागते. एकदा टॅग लागले की त्याच फाइलमधून वेबपान, ई-पुस्तक किंवा छापील पान पुन्हा टाइप न करता काढता येते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अशा कामाला मजकुराची वाण नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. तिथली भाषणे, शाळांच्या आणि पतसंस्थांच्या स्मरणिका, भजनी मंडळांच्या वह्या हे सगळे नवशिक्याने हात बसवायला उत्तम. मात्र पहिली अडचण टॅगची नसतेच, फॉन्टची असते. युनिकोड (सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीची सामायिक संकेतप्रणाली) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या प्रचलित स्वरूपात ठेवावा. एकाच स्मरणिकेत मराठी लेख श्रीलिपीच्या आणि कन्नड शुभेच्छा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर दोन्हींना वेगवेगळा परिवर्तक (मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे साधन) लागतो. सगळी फाइल एकाच परिवर्तकातून काढली की निम्मा मजकूर बिघडलाच म्हणून समजा. परिवर्तनानंतर ‘ऱ्य’ डोळ्यांत तेल घालून तपासावा: खानापूरच्या दऱ्यांचा दर्या व्हायला वेळ लागत नाही. शिवाय हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवले जाते. दिसायला दोन्ही सारखी, पण शोधताना एक सापडते आणि दुसरे निसटते. फाइलभर एकच तऱ्हा ठेवावी.

मग खरे काम सुरू होते. समजा, संमेलनाच्या वृत्तांतात असा मजकूर आहे:

स्वागताध्यक्षांचे मनोगत
मंडळी, पाऊस लांबला तरी मांडव भरला. (टाळ्या)

एक्सएमएल या मार्कअप भाषेत तो असा होईल:

<भाषण>
<शीर्षक>स्वागताध्यक्षांचे मनोगत</शीर्षक>
<परिच्छेद>मंडळी, पाऊस लांबला तरी मांडव भरला. <नोंद प्रकार="श्रोते">टाळ्या</नोंद></परिच्छेद>
</भाषण>

कंसातल्या टाळ्या वक्त्याच्या तोंडच्या नाहीत, वृत्तांत लिहिणाऱ्याच्या आहेत. साध्या मजकुरात हा फरक वाचकावर सोडलेला असतो. मार्कअप करणाऱ्याला तो ठरवून लिहावा लागतो. असे निर्णय जागोजागी घ्यावे लागतात, आणि टॅग पाठ करण्यापेक्षा अवघड भाग हाच आहे. उघडलेला प्रत्येक टॅग बंद करावा, आतला आधी आणि बाहेरचा नंतर. मजकुरातच < किंवा & ही चिन्हे आली तर त्यांच्या जागी ठरलेले संकेत लिहावेत, नाहीतर ‘अमुक & सन्स’ अशी एक जाहिरात सगळी फाइल अडवते.

डीटीपीतून (संगणकावरील पानजुळणीतून) काढलेल्या मजकुरात ओळींचा घोळ हमखास असतो. प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी एन्टर असल्याने गद्यही कवितेसारखे तुटलेले दिसते. शोधा-बदला वापरून सगळे एन्टर सरसकट काढले, तर त्याच अंकातल्या कवितांच्या ओळी एकमेकींना चिकटतात. कविता आधी टॅग लावून बाजूला काढाव्यात, गद्य नंतर जोडावे. अभंगांत कडव्याच्या शेवटी ॥१॥, ॥२॥ असे आकडे असल्याने कडवी वेगळी करायला यंत्राची चांगली मदत होते.

या भागातील मजकुराला भाषेची खूण लावणे टाळू नये. लिपीवरून भाषा ठरत नाही: देवनागरीत मराठी असते, कोकणी असते, आणि आमंत्रणात एखादे कन्नड वाक्यही देवनागरीत लिहिलेले असते. अशा वाक्याला कन्नडचा भाषासंकेत द्यावा आणि त्यापुढे देवनागरीचा चार अक्षरी लिपिसंकेत जोडावा. स्थळनामांचेही तसेच. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ केले, मराठी मजकुरात मात्र ‘बेळगाव’ असते. छापले आहे ते तसेच ठेवून शोधासाठी दुसरे रूप टॅगमध्ये द्यावे: <स्थळ अन्य="बेळगावी">बेळगाव</स्थळ>. मजकूर दुरुस्त करणे हे मार्कअपचे काम नव्हे, मग दुरुस्त करणाऱ्याचा पक्ष कोणताही असो.

आयबीएम या संगणक कंपनीत १९६९च्या सुमारास चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी तयार केलेली जीएमएल ही मार्कअप भाषा या पद्धतीची पूर्वज. तिच्यातून निघालेल्या एसजीएमएलला १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि तिचीच सुटसुटीत आवृत्ती असलेले एक्सएमएल फेब्रुवारी १९९८ मध्ये आले. वेबपानांसाठीच्या एचटीएमएलचे टॅग ठरलेले इंग्रजीच. एक्सएमएलमध्ये टॅगला नाव आपण देतो, आणि वर दिसते तसे ते मराठीतही चालते. मात्र फाइल इतर ग्रंथालयांना किंवा अभ्यासकांना द्यायची असेल, तर १९८७ पासून विकसित होत आलेल्या टीईआय या सामायिक नियमावलीचे टॅग वापरणे शहाणपणाचे.

नुसती शीर्षके, परिच्छेद आणि याद्या असलेल्या पतसंस्थेच्या अहवालासाठी एवढा खटाटोप नको. तिथे जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेले मार्कडाउन पुरते: ओळीआधी # लिहिले की शीर्षक, रिकामी ओळ सोडली की नवा परिच्छेद. पँडॉक हे विनामूल्य साधन त्यातून एचटीएमएल किंवा ई-पुस्तक काढून देते.