गव्हाची जुनी वाणे, नवी वाणे आणि ग्लुटेनचा वाद

हरितक्रांतीत गहू, विशेषतः त्यातले ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारी प्रथिने), बदलला आणि म्हणूनच तो लोकांना बाधू लागला, असे आज सर्रास सांगितले जाते. मात्र या विधानात गव्हाचा इतिहास आणि ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या सीलिअॅक या आजाराचा इतिहास यांची गल्लत झालेली आहे.

आइनकॉर्न हा 14 गुणसूत्रांचा गहू सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या आग्नेय तुर्कस्तानात लागवडीखाली आला. एमर, म्हणजेच खपली, 28 गुणसूत्रांची. पुढे कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील पट्ट्यात शेतातल्या गव्हाचा एका रानगवताशी नैसर्गिक संकर होऊन 42 गुणसूत्रांचा पावाचा गहू तयार झाला. रानगवताकडून आलेल्या ‘डी’ जनुकसंचामुळे कणकेला चांगला ताण आला. पण पचनरसांना दाद न देणारा आणि सीलिअॅकच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती तीव्रपणे चेतवणारा, ग्लायडिन या ग्लुटेनमधील प्रथिनाचा 33 अमिनो आम्लांचा तुकडाही याच संचाशी निगडित आहे. म्हणजे ग्लुटेनच्या दृष्टीने गव्हातला सर्वांत मोठा बदल कोणत्याही प्रयोगशाळेच्या हजारो वर्षे आधी झाला होता.

हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग यांनी जपानच्या ‘नोरिन 10’ या वाणातील बुटकेपणाची जनुके वापरली, ती खत दिल्यावर ओंबीच्या भाराने पीक लोळू नये म्हणून. विसाव्या शतकातील अमेरिकी गव्हाच्या नोंदी तपासून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पैदाशीमुळे ग्लुटेन वाढल्याचा स्पष्ट पुरावा आढळला नाही.

आजारही जुनाच आहे. कॅपाडोशियाच्या अरेटियस या ग्रीक वैद्याने पोटाच्या अशा दीर्घ विकाराचे वर्णन प्राचीन काळीच केले होते. इटलीतील कोसा येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका तरुणीचा सांगाडा सापडला. खुजी उंची आणि ठिसूळ हाडे ही कुपोषणाची लक्षणे त्यात दिसतातच, शिवाय सीलिअॅकशी संबंधित जनुकही आढळले. तिच्या ताटातला गहू अर्थातच ‘प्राचीन’ होता. सॅम्युएल जी यांनी 1888 मध्ये या विकाराचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले, तरी दोषी अन्न ओळखले ते डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या उपासमारीत पावाचा तुटवडा असताना आजारी मुले सुधारली आणि पाव परतताच पुन्हा खालावली, या निरीक्षणाने त्यांच्या तर्काला बळ मिळाले. 1950 मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला.

तरीही ‘पूर्वीही होताच’ एवढ्यावर हा विषय संपवता येत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या एका तळावर 1948 ते 1954 या काळात साठवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले, तेव्हा निदान न झालेल्या सीलिअॅकचे प्रमाण अलीकडच्या काळात सुमारे चौपट झाल्याचे 2009 मध्ये दिसून आले. ही वाढ खरी आहे. तिचे कारण मात्र केवळ वाणांत शोधणे मला घाईचे वाटते, कारण बालपणीचे संसर्ग आणि आतड्यांतील जीवाणू यांचाही त्यात हात असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

सीलिअॅक नसतानाही गव्हाने पोट फुगणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. नॉर्वेतील 2018 च्या एका चाचणीत अशा लोकांना ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टन या कर्बोदकाने अधिक त्रास झाला. कणीक दीर्घकाळ आंबवल्यास फ्रुक्टन घटते, आणि जुन्या वाणांचे पाव बहुधा तसेच संथपणे आंबवले जातात. तेव्हा ते सोसतात याचे श्रेय काही अंशी आंबवण्याकडेही जाऊ शकते. सीलिअॅकच्या रुग्णाला मात्र ही सवलत नाही, कारण आइनकॉर्न आणि खपली या दोहोंतही ग्लायडिन असते आणि त्याला दोन्ही वर्ज्यच आहेत.