दारात उभे दोघे: मॉर्मन की यहोवाचे साक्षीदार?

जपानात पांढरा शर्ट, टाय आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात सायकल दामटणारी दोन परदेशी पोरं दिसली, की आपल्याकडून नवा गेलेला माणूस बिनधास्त सांगून टाकतो, "यहोवावाले दिसतायत." बहुतेक वेळा ते यहोवावाले नसतात, मॉर्मन असतात. गल्लत होणं साहजिक आहे म्हणा. दोन्ही पंथ अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात निघाले. दोघांचेही लोक जोडीनं येतात, बेल वाजवतात, हसून बोलतात. शिवाय बाकीचे ख्रिस्ती दोघांनाही आपल्यात धरायला का-कू करतात. पण दारात येण्यामागचा हिशेब दोघांचा अगदी वेगळा आहे.

आधी सायकलवाल्या पोरांचं बघू. जोसेफ स्मिथनं 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला, आज मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीला आहे. पंथातल्या तरुण मुलानं शाळा संपल्यावर दोन वर्षं प्रचाराला द्यावीत, अशी अपेक्षा असते. मुलींवर तसा दबाव नसतो, गेल्या तर दीड वर्षासाठी जातात. 2012 मध्ये किमान वय मुलांसाठी 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 केलं, तेव्हा मुलींचे अर्ज एकदम वाढले. कुठं जायचं ते मात्र मुलाच्या हातात नाही. अर्ज करायचा आणि वरून येईल ते ठिकाण गाठायचं, साप्पोरो म्हटलं तर साप्पोरो, ब्राझील म्हटलं तर ब्राझील. पगार नाही, उलट पैसे घरचे. अमेरिकेतून जाणाऱ्या मुलामागे 2020 पासून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात, मग तो महागड्या टोकियोत राहो की एखाद्या स्वस्त देशात.

निघण्याआधी काही आठवडे भाषा घोटून घेतात. त्यामुळे या पोरांचं जपानी मजेशीर असतं. देव, प्रार्थना, पश्चात्ताप हे शब्द तोंडपाठ, पण नळ गळतोय हे घरमालकाला सांगायचं तर हातवारे. छातीवर काळी पाटी, त्यावर आडनाव. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. जोडीदाराला सोडून एकट्यानं कुठं जायचं नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच. 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्याला करता येतो. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, किराणा, केस कापणं यासाठी राखीव. आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदलीची टांगती तलवार: नवं गाव, नवा जोडीदार, कधी दोन्ही.

जपानात त्यांची खरी किल्ली म्हणजे फुकटचा इंग्रजी वर्ग. धर्म ऐकायला दारात कुणी थांबत नाही, पण इंग्रजी बोलायला शिकवतो म्हटल्यावर आजोबा वही घेऊन हजर. तसं हे पीक तिथं कधीच सोपं नव्हतं. 1901 मध्ये पंथाचे एक वरिष्ठ नेते हेबर ग्रँट तिघांना घेऊन योकोहामाला उतरले, त्यातला आल्मा टेलर जेमतेम 19 वर्षांचा. त्यानं जपानी शिकून मॉर्मनांच्या धर्मग्रंथाचा अनुवाद केला, तो 1909 मध्ये छापला. एवढं करूनही फारसे लोक वळले नाहीत. 1924 मध्ये गाशा गुंडाळला, तो पुन्हा उलगडला 1948 मध्ये.

यहोवाच्या साक्षीदारांकडे असलं दोन वर्षांचं पर्व नाही. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण प्रचारक, आणि तोही जन्मभर, आपापल्या भागात, नोकरी-संसार सांभाळून. त्यामुळे जपानात बेल वाजवणारी व्यक्ती बहुधा जपानीच असते. बरेचदा मध्यमवयीन बाई, नीटनेटका स्कर्ट, हातात पिशवी, कधी सोबत शाळकरी मूल. ज्यांना जास्त वेळ देता येतो ते 'पायनियर'. त्यांनी महिन्याला 70 तास भरायचे असा दंडक होता, 2023 पासून तो 50 वर आणलाय. प्रशिक्षण घेऊन परदेशी जाणारे मिशनरी यांच्यातही आहेत, पण ते मुरलेले, अनुभवी लोक असतात, शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली पोरं नव्हेत. स्टेशनाबाहेर पुस्तिकांची छोटी गाडी लावून गप्प उभे असतात तेही हेच. आपण मराठी आहोत म्हटलं तर त्यांचं मासिक मराठीतही मिळतं, 'टेहळणी बुरूज' या नावानं.

श्रद्धेतला फरक थोडक्यात सांगतो, कारण दारात उभ्याउभ्या तो कुणालाच कळत नाही. मॉर्मन बायबलच्या जोडीला आपले आणखी काही ग्रंथ मानतात. साक्षीदार फक्त बायबल मानतात, पण ते वाचतात स्वतःच्या अनुवादातून. येशू त्यांच्या लेखी देव नाही, देवानं सर्वांत आधी निर्माण केलेला पुत्र आहे.

खरा फरक सरकारपुढे दिसतो. मॉर्मन मुलगा सैन्यात जातो, मत देतो, निवडणूकही लढवतो. फ्रान्समध्ये मिशनरी राहिलेले मिट रॉम्नी 2012 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार होते. साक्षीदार बंदूक हातात घेत नाहीत, मत देत नाहीत, झेंड्याला सलाम करत नाहीत. दक्षिण कोरियात सक्तीची लष्करी सेवा नाकारून त्यांच्या हजारो तरुणांनी तुरुंग भोगला. केरळमधल्या शाळेत राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहणारी, पण न गाणारी तीन भावंडं याच पंथाची. शाळेनं त्यांना काढलं, आणि 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं.

तरीही ओळखता येईना, तर चहा विचारा. मॉर्मन पोरगा ग्रीन टीला अवघडून नाही म्हणेल. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. 'मुगिचा' म्हणजे भाजलेल्या सातूचं थंडगार पेय, त्यात चहाची पत्ती नसते; ते दिलंत तर गटागटा पिईल. साक्षीदार बाई चहा आनंदानं घेतील. वाढदिवसाचा केक मात्र पुढे करू नका, त्या वाढदिवस पाळत नाहीत. आणि रक्त चढवून घेणं तर त्यांना जीव गेला तरी मान्य नाही.

माझ्या मते मॉर्मनांच्या या सगळ्या खटाटोपात जास्त बदलतो तो दार उघडणारा नव्हे, दार वाजवणारा. विशीत तो घरी परततो, कॉलेज, लग्न, नोकरी सुरू होते, पण भाषा अंगात मुरलेली असते. केंट गिल्बर्ट 1971 मध्ये असाच जपानात मिशनरी म्हणून आला. पुढे वकील होऊन परतला आणि तिथल्या टीव्हीवर घराघरांत पोचला.

बोलायचं नसेल तर दोघांनाही सरळ नाही म्हणावं, कुणी वाईट वाटून घेत नाही. फक्त सायकलवाल्यांना दिलेला नकार फार दिवस टिकेल असं धरू नका, बदलीनं नवी जोडी येते आणि बेल पुन्हा वाजते. साक्षीदार बाईंना मात्र "परत येऊ नका" असं स्पष्ट सांगावं. "आज वेळ नाही" म्हणालात, तर त्या वेळ असेल तेव्हा येतील.