कोळशाच्या छिद्रात शिसं का अडकतं?

ॲक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे पाणी शुद्ध करायला वापरतात त्या सच्छिद्र कोळशाची, महती सांगताना एक आकडा हमखास पुढे केला जातो: एका ग्रॅममध्ये 1000 चौरस मीटर पृष्ठफळ, म्हणजे टेनिसची जवळपास चार कोर्टं. आकडा खोटा नाही. लाकूड किंवा दगडी कोळसा हवा न लागू देता तापवायचा आणि मग 800 ते 1000 अंश सेल्सियसला वाफेने आतून कोरायचा, की छिद्रांचं जाळं तयार होतं. त्यातली सर्वांत बारीक छिद्रं 2 नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात. रंग, वास, कीटकनाशकं यांचे सेंद्रिय रेणू तिथे सहज चिकटतात.

धातूंच्या बाबतीत मात्र निव्वळ पृष्ठफळावर भागत नाही. पाण्यातल्या शिशाच्या आयनाभोवती, म्हणजे विद्युतभारित अणूभोवती, पाण्याच्या रेणूंचा वेढा असतो आणि कोऱ्या कार्बनच्या भिंतीला पाण्याचं वावडं. आयनाने तिकडे जावं तरी कशाला?

म्हणून भिंतीवर काहीतरी आमिष लावावं लागतं. कार्बन नायट्रिक आम्लात तापवला की त्याच्यावर कार्बोक्सिलसारखे ऑक्सिजनयुक्त गट उगवतात. गंमत अशी, की यात काही छिद्रं ढासळतात, पृष्ठफळ बऱ्याचदा घटतं, तरीही शिसं, तांबं, कॅडमियम आधीपेक्षा जास्त धरलं जातं.

यातही खरी सूत्रं सामूच्या (pH) हाती; तो जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्लधर्मी. सामू 2 च्या आसपास असेल, तर कार्बोक्सिल गट आपला हायड्रोजन सोडत नाहीत आणि शिसं पाण्यातच राहतं. सामू 5 पर्यंत चढवला की हायड्रोजन सुटतो, मागे ऋण भार उरतो आणि धन भाराचं शिसं तिथे जाऊन बसतं. आणखी चढवला तर शिसं हायड्रॉक्साइड होऊन आपोआप साक्यात जातं आणि श्रेय फुकटात कार्बनला मिळतं! एखाद्या प्रयोगात भरघोस आकडा दिसला, की मी आधी सामू बघतो.

क्रोमियमची तऱ्हा उलटी. सहा संयुजेचं विषारी क्रोमियम पाण्यात ऋण भार घेऊन वावरतं, त्यामुळे ते आम्लधर्मी पाण्यातच चांगलं पकडलं जातं. शिवाय कार्बन त्याला इलेक्ट्रॉन देऊन तीन संयुजेच्या, बऱ्याच कमी विषारी रूपात आणतो. पाऱ्यासाठी छिद्रांत गंधक भरतात, आर्सेनिकसाठी लोहाचं ऑक्साइड.

प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात हे सगळं छान जमतं. खऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही त्याच जागांवर हक्क सांगतात. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, तर कॅल्शियम सहज 40 मिलिग्रॅम, म्हणजे 4000 पट. ही गर्दी टाळून नेमकं शिसंच वेचणारा कार्बन बनवणं हे खरं कौशल्याचं काम.

भरलेला कार्बन सौम्य आम्लाने धुतला की धातू सुटतो आणि कार्बन पुन्हा वापरता येतो, पण दर धुण्यागणिक क्षमता थोडी उतरत जाते. शिवाय त्या धुवणात शिसं मूळ पाण्यापेक्षा कितीतरी दाट असतं. चुना घालून ते वेगळं काढावं लागतं, आणि उरलेला साका घातक कचरा म्हणूनच हाताळावा लागतो.