शेपटी चुकली की साल चुकलं

इंदूरला विजयनगरच्या सिग्नलवर उभं राहिलं की डिकीवर प्लास्टिकचा स्पॉयलर चिकटवलेल्या कितीतरी हॅचबॅक दिसतात, आणि मालकाला विचारलं तर म्हणतो, भिया याने पिकअप वाढतो. त्याच गाडीच्या बंपरला लिंबू-मिरचीपण लटकत असते. चाळीसच्या स्पीडला दोघांचा उपयोग सारखाच, शून्य.

स्पॉयलरचं काम गाडी पळवणं नाहीच, मागची चाकं रस्त्यावर दाबून ठेवणं आहे, आणि त्यापायी टॉप स्पीड उलट थोडा कमीच होतो. हे बघायचं तर पोर्शे ९१७ या रेसच्या गाडीसारखी गाडी नाही. मी सध्या तिची १/२४ स्केलमध्ये तीन मॉडेल्स करतोय, १९६९, १९७० आणि १९७१ ची, आणि सगळी डोकेदुखी शेपटीत, म्हणजे बॉडीच्या मागच्या टोकात आहे.

१९६९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला ही गाडी दाखवली तेव्हा तिच्यात हान्स मेट्झगरचं साडेचार लिटरचं, हवेने थंड होणारं १२ सिलिंडरचं इंजिन होतं. ताकद प्रचंड, पण ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी डोलायची, ड्रायव्हर घाबरायचे. त्या वर्षी ल मान्सच्या, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या रेसच्या, पहिल्याच लॅपमध्ये ड्रायव्हर जॉन वुल्फ तिच्यातच अपघातात गेला.

मग ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात झेल्टवेगला टेस्टिंग चालू असताना जेडब्ल्यू या रेसिंग टीमचा इंजिनियर जॉन हॉर्समन याने एक गोष्ट पाहिली. गाडीवर चिलटं चिरडून चिकटली होती, पण मागचे स्पॉयलर स्वच्छ!

आता हे काय झालं ते नीट बघा, कारण मजा इथेच आहे. छपराच्या गोलाईवरून हवा जोरात पळते, तिथे दाब कमी होतो. छपरामागे उतार लागला की दाब परत वाढायला लागतो, म्हणजे हवेला आता चढत्या दाबाविरुद्ध जायचंय. वरची हवा वेगात असते, ती जाते, पण पत्र्याला लागून जो पातळ थर असतो, ज्याला बाउंड्री लेयर म्हणतात, तो घर्षणाने आधीच मंद झालेला, त्याच्यात दम उरत नाही, तो थांबतो, उलटा फिरतो आणि मुख्य प्रवाह पत्रा सोडून वरून निघून जातो. खाली राहते नुसती भोवरे घेणारी हवा. स्पॉयलर बसले होते त्यात! चिलटं वरच्या प्रवाहाबरोबर निघून जात होती, म्हणजे स्पॉयलरला दाबायला हवाच मिळत नव्हती. विंड टनेलमध्ये गाडीवर लोकरीचे धागे चिकटवून जे बघतात ते चिलटांनी फुकटात दाखवलं.

तिथेच ॲल्युमिनियमचे पत्रे कापून शेपटी वर उचलली आणि गाडी शांत झाली. हवेचा विरोध वाढला, पण ड्रायव्हर आता पाय दाबून ठेवू शकत होता म्हणून लॅप उलट लवकर व्हायला लागला. हीच आखूड शेपटीची ९१७ के, १९७० ला हेरमान-ॲटवुड या ड्रायव्हरांच्या जोडीने तिच्यातच पोर्शेला ल मान्स पहिल्यांदा जिंकून दिलं.

(मॉडेलवर टेबल फॅन सोडून हे दिसेल असं कुणाला वाटत असेल तर नाही. लहान मॉडेलवर हवा खऱ्या गाडीसारखी वागायला रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर, जुळावं लागतं, आणि ते जुळवायला १/२४ वर हवा २४ पट वेगात हवी, ३०० चे झाले ७२००, आवाजाच्या कितीतरी पुढे, तिथे हवेचं वागणंच वेगळं.)

बाजारात एकच साचा वापरून फक्त स्टिकर बदलून तिन्ही सालं विकणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. या स्केलला खरी एक इंच म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, तेवढ्या चुकीत गाडी दुसऱ्या वर्षात जाते. म्युझियममधल्या चकाचक गाडीचे फोटोपण जपून वापरा, रिस्टोअर करताना पार्ट बदललेले असू शकतात, रेसच्या दिवशीचा बाजूने काढलेला फोटो घ्या. व्हीलबेस २३०० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर ९५.८, ते माप धरून बाकीचं काढा. मग प्लास्टिक शीट आणि पुटी. १९७१ च्या ल मान्स विजेत्या गाडीला शेपटीवर दोन उभे पंख लागतील. तिची फ्रेम मॅग्नेशियमची होती, पण बॉडी बसली की ती झाकली जाते, तिथे रात्री घालवू नका.