पायांवरच्या निळ्या-लाल शिरा: इंजेक्शन, लेझर की काहीच नको?

मांडीवर, गुडघ्यामागे किंवा घोट्याजवळ बारीक लाल, निळ्या, जांभळ्या शिरांचं जाळं दिसतं, त्यांना ‘स्पायडर व्हेन्स’ म्हणतात. या शिरा त्वचेत अगदी वर असतात आणि १ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. त्या डोळ्यांना दिसतात, पण हात फिरवला तर लागत नाहीत. ३ मिलिमीटरहून जाड, फुगून वर आलेल्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. त्यांचे उपचार आमच्या क्लिनिकमध्ये होत नाहीत. त्यासाठी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जावं लागतं.

आई-मावशीच्या पायांवर अशा शिरा असतील तर तुम्हालाही होण्याची शक्यता जास्त. बाळंतपण, वाढलेलं वजन आणि तासन्‌तास उभं राहण्याचं काम यांनीही भर पडते. शिक्षिका, नर्स, सलूनमध्ये किंवा दुकानाच्या काउंटरमागे काम करणारे असे बरेच जण आमच्याकडे येतात. या शिरांपासून सहसा धोका नसतो. त्या तशाच ठेवल्या तरी बिघडत नाही, आणि ज्यांना त्या खुपत नाहीत त्यांना आम्ही उपचारांचा आग्रह करत नाही.

मात्र संध्याकाळी पाय जड होत असतील, सुजत असतील, घोट्याजवळची त्वचा काळवंडली असेल, तर आधी पायांची डॉप्लर सोनोग्राफी (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी तपासणी) करून घ्या. आतल्या मोठ्या शिरेची झडप गळत असेल, तर वरच्या शिरा घालवून उपयोग नाही. काही महिन्यांत त्या पुन्हा दिसू लागतात. अशा वेळी रिपोर्ट पाहिल्याशिवाय आम्ही सुई लावत नाही.

इंजेक्शन (स्क्लेरोथेरपी)

पायांसाठी आमची पहिली पसंती यालाच. अतिशय बारीक सुईने शिरेत पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध सोडतात. बारीक शिरांसाठी पॉलिडोकॅनॉल साधारण ०.५ टक्के तीव्रतेचं पुरतं. औषधाने शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते, शिर मिटते आणि शरीर ती हळूहळू शोषून घेतं. भूल लागत नाही, थोडी चुणचुण होते. ‘शिरा बंद केल्या तर रक्त कुठून जाणार?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. रक्त परत नेण्याचं मुख्य काम खोलवरच्या शिरा करतात, त्यामुळे काळजी नको.

फरक दिसायला ३ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात पाय आधीपेक्षा वाईट दिसू शकतात, तेव्हा घाबरू नका. बहुतेकांना एकाहून जास्त बैठका लागतात आणि दोन बैठकांमध्ये ४ ते ६ आठवड्यांचं अंतर ठेवतो. मिटलेली शिर सहसा परत येत नाही, पण नवीन शिरा येऊ शकतात.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तपकिरी डाग राहण्याची शक्यता लक्षात घ्या. शिरेतल्या रक्तातलं लोह त्वचेत उतरल्याने हे डाग पडतात. बहुतेक ६ ते १२ महिन्यांत फिके होतात, काहींचे जास्त रेंगाळतात. उपचार केलेल्या जागेभोवती आणखी बारीक लाल शिरांचा पुंजका येणं, छोटी जखम होणं, औषधाची ॲलर्जी, क्वचित रक्ताची गुठळी, हेही होऊ शकतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे सगळं विचारून घ्या.

लेझर

नाकाच्या कडेच्या आणि गालांवरच्या शिरांना लेझरच बरा. पायांवर तो सुई आत जाणार नाही इतक्या बारीक शिरांसाठी किंवा सुईची धास्ती असणाऱ्यांसाठी वापरतो. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा ‘एनडी-याग’ प्रकारचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण त्वचेतलं मेलॅनिन तो कमी शोषून घेतं. उन्हाने त्वचा रापली असेल तर आम्ही थांबायला सांगतो. ब्युटी पार्लरमधल्या आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत सोडणाऱ्या) मशीनने पायांच्या शिरा घालवून घेऊ नका. भाजल्याचे डाग शिरांपेक्षा जास्त दिसतात. कुठलंही मलम या शिरा घालवत नाही, मग ते कितीही महाग असो.

गरोदर असाल तर उपचार नाहीत. त्या काळात आलेल्या बऱ्याच शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप कमी होतात. अंगावर पाजत असाल तरीही थांबा. पूर्वी पायात गुठळी झाली असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

कधी करावं? इंजेक्शननंतर दिवसा घट्ट वैद्यकीय मोजे घालावे लागतात, साधारण दोन आठवडे. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते नकोसे होतात, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. घरात लग्न असेल तर निदान चार महिने आधी या. हळदीच्या आदल्या आठवड्यात आलात तर आम्ही नाहीच म्हणू.

पैसे बैठकीप्रमाणे घेतो, शिरा मोजून नाही. अंदाजपत्रक लेखी देतो. सौंदर्योपचार असल्याने जीएसटी लागतो, आणि मेडिक्लेम सहसा मिळत नाही.

उपचारांच्या दिवशी पायांना तेल किंवा क्रीम लावू नका, सैल कपडे घाला, मोजे सोबत आणा. उपचारांनंतर लगेच १५-२० मिनिटं चालायचं, बसून राहायचं नाही. काही दिवस कढत पाण्याची अंघोळ आणि जिममधलं वजन उचलणं टाळा. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा त्वचेवर काळा फोड आला, तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून वाट पाहू नका, फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर आमच्याकडे न येता सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.