मेकअप आहे म्हणजे मेटल आहे का? जपानी मेटल आणि व्हिज्युअल केईचा घोळ

"जपानी मेटल ऐकायचंय, व्हिज्युअल केईमधलं काय ऐकू?" असं मला आत्तापर्यंत तीन-चार जणांनी तरी विचारलंय, आणि दरवेळी मी आधी हेच सांगतो की बाबा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मीही यात गंडलोय. कोणीतरी म्हणालं मालिस मिझेर हा व्हिज्युअल केईचा बँड ऐक, फोटो बघितला तर झगे, पांढरेफटक चेहरे, म्हटलं आता कान फाटणार, हेडफोनचा आवाज आधीच कमी करून ठेवला, आणि सुरू काय झालं तर जुन्या युरोपातल्या राजवाड्यात वाजावं तसलं नाजूक कीबोर्ड. दोन मिनिटं मी गाणं चुकलं का तेच बघत होतो.

तर मेटल ही कानाची गोष्ट आहे. डिस्टॉर्शनवाली म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेली गिटार, रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, धडधडणारे डबल बास ड्रम, सोलो. व्हिज्युअल केई ही आधी डोळ्यांची गोष्ट. जपानीत 'केई' म्हणजे पठडी, त्या वळणाचं. केस, मेकअप, कपडे, स्टेजवरचं नाटक त्या वळणाचं असलं की मग खाली पंक वाजवा, पॉप वाजवा, गॉथ म्हणजे उदास, अंधारं रॉक वाजवा नाहीतर मेटल, कोणी अडवत नाही. आपल्याकडे तमाशात लावणी असते पण म्हणून तमाशा म्हणजे लावणी नाही आणि लावणी तमाशाबाहेरही होते, साधारण तसंच.

वयाने मेटल मोठं. 1981 ला ओसाकात लाउडनेस सुरू झाला, गिटारवर अकिरा ताकासाकी, ड्रम्सवर मुनेताका हिगुची, आणि गंमत म्हणजे हे दोघं त्याआधी लेझी नावाच्या, शाळकरी पोरींच्या आवडत्या पॉप बँडमध्ये होते. 1985 च्या 'थंडर इन द ईस्ट'ने तर अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 74 वा नंबर गाठला. त्यातलं 'क्रेझी नाइट्स' लावा, फार वेगाचं नाही, पण रिफ असा की मान आपोआप हलते, आणि मध्येच सगळे मिळून "एम झी ए" असं ओरडतात, त्याचा अर्थ शोधत बसू नका, सोबत ओरडा. लाउडनेस, अर्थशेकर, अँथम, 44 मॅग्नम या सगळ्या पिढीला तिकडे 'जपामेता' म्हणतात. लेदर, लांब केस यांच्याकडेही होतेच, पण ते त्या काळात सगळ्या जगातले मेटलवाले घालायचे तेच.

घोळ सुरू होतो तो एक्सपासून, म्हणजे पुढे ज्याचं नाव एक्स जपान झालं तो बँड. योशिकी आणि तोशी हे चिबाकडचे लहानपणापासूनचे मित्र, 1982 ला बँड काढला. केस हातभर उभे आणि वर मेकअप. 1989 च्या 'ब्लू ब्लड'च्या कव्हरवर त्यांनी 'सायकेडेलिक व्हायोलन्स क्राइम ऑफ व्हिज्युअल शॉक' असं छापलं, व्हिज्युअल केई हे नाव त्यातूनच आलं असं मानतात. आता हा बँड मेटल होता का, तर होता की! पण मग योशिकीच्याच एक्स्टसी रेकॉर्ड्समधून लुना सी आला, ग्ले आला, मेकअपची हवा पसरत गेली आणि आवाज मात्र ज्याचा त्याचा वेगळा, ग्लेची बरीच गाणी तर सरळ गोड रॉक-पॉप आहेत. एक्स बघून आत शिरलेल्या माणसाला वाटतं सगळं तसंच असणार, आणि तिथे तो फसतो.

उलटं उदाहरणही आहे. सेइकिमात्सु हा बँड अख्खा राक्षसांच्या रंगरंगोटीत, गायक डेमोन काक्का स्वतःचं वय लाखाच्या वर सांगतो (आणि टीव्हीवर सुमोवर बोलायलाही येतो, त्याच तोंडाने!). मेकअप म्हणाल तर इतका कोणाचाच नसेल, पण त्यांना सहसा व्हिज्युअल केईत मोजत नाहीत. आवाज मात्र अस्सल हेवी मेटल. आणि साय (Sigh) सारखा बँड तर नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांच्या (मेटलचाच एक कर्कश, अंधारा प्रकार) रेकॉर्ड कंपनीतून 1993 ला पहिला अल्बम काढून बसला, त्याचा या केईशी काही संबंधच नाही.

मला सगळ्यात आवडणारा नमुना म्हणजे माना, मालिस मिझेरचा गिटारिस्ट. त्या बँडनंतर 2002 ला त्याने म्वा दिस म्वा काढला, कपडे तेच गॉथिक, मेकअप तोच, पण गिटार आता खरोखर मेटलची. म्हणजे डोळ्यांना काही बदल नाही आणि कानांना सगळाच बदल. डिर एन ग्रे या बँडचं याच्या बरोबर उलट, मेकअप उतरत गेला तसा आवाज जड होत गेला.

बेबीमेटल तिसरंच प्रकरण, पुढे आयडॉल मुली, म्हणजे नाचत गाणाऱ्या पॉप ग्रुपमधल्या असतात तशा, आणि मागे तगडा मेटल बँड. आपल्या दिल्लीच्या ब्लडीवूड या मेटल बँडबरोबर त्यांचं 'बेखौफ' हे गाणं आहे, ते ऐका, पण त्यांना व्हिज्युअल केई म्हणू नका.

दोन्ही एकाच गाण्यात हवं असेल तर 'ब्लू ब्लड'मधलं 'कुरेनाई' लावा. सुरुवातीला हळवी गिटार, तोशी इंग्रजीत हळूहळू गातोय, तुम्हाला वाटेल परत मालिस मिझेर झालं. थांबा जरा, बंद करू नका. आणि आवाज आधीच कमी करून ठेवा, यावेळी खरंच लागेल.